पाकळीची पाचवी शीर

भाई,

आधी हे सांगते की तुमचा फोटो मी खिडकीतून काढला. हार घालून तो कुणीतरी तुमच्या बसायच्या जागेसमोर ठेवला होता, थेट उजेडाच्या वाटेत. तेरावं होईपर्यंत मी काही बोलले नाही. चौदाव्या दिवशी सकाळी तो उचलला आणि आतल्या खोलीत कपाटावर नेऊन ठेवला. आजी बघत होती. म्हणाली, "तिथे पाल असते."

मी म्हटलं, "असू दे."

दोन आठवडे लोक येत होते. तुम्ही किती पोरांना हाताला धरून डाय कोरायला शिकवलं, चिंचणीतल्या किती घरांत तुमच्यामुळे चूल पेटते, असं प्रत्येकाने सांगितलं. खोटं नाही ते. मी चहाचे कप भरत होते आणि रिकामे कप आत नेत होते. मला कुणी काही विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय मी बोलत नाही. हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. तुमच्या फार सोयीचं होतं ते. आज मी न विचारता बोलते आहे, आणि तुम्हाला मधेच तोडता येणार नाही, याचा मला आनंद आहे. असा आनंद होऊ नये, हेही कळतं.

तुम्हाला आजोबा म्हणून कधी हाक मारल्याचं आठवत नाही. कारखान्यात सगळे भाई म्हणायचे, म्हणून मीही भाईच म्हणायचे. कारखाना म्हणजे आपल्या घराची ओटी. चार लाकडी ओंडके, त्यांच्यासमोर चार चटया, आणि समुद्राकडच्या भिंतीत एक मोठी खिडकी. खिडकीखालचा ओंडका तुमचा. पोलादाच्या काड्यापेटीएवढ्या ठोकळ्यात तुम्ही फुलं कोरायचात, उलटी, आत खोल जाणारी. सोनार त्या ठोकळ्यावर, म्हणजे डायवर, सोन्याचा पातळ पत्रा ठेवून ठोकतो, की फूल वर उठतं. कुणाच्या गळ्यात, कुणाच्या कानात ते जन्मभर राहतं. कोरणाऱ्याचं नाव कुठेही नसतं. "डायवाल्याचं नाव नसतं, हात असतो," असं तुम्ही सांगायचात. मुंबईचे व्यापारी ठसा हातात घेऊन नुसतं बघून म्हणायचे, हा भाईंचा हात.

मी ओटीवर बसले ते कॉलेज अर्धवट सोडून. डहाणूच्या इंग्लिश मीडियम शाळेत मी बारा वर्षं मागच्या बाकावर काढली होती. वर्गात इंग्रजीत बोलायची भीती, आणि घरी आल्यावर मराठीत बोलले की चुलतभाऊ हसायचे, "मॅडम आल्या." दोन्हीकडे गप्प राहणं सोपं होतं. तुमच्या पहिल्या धड्यात बोलणं नव्हतं. तुम्ही माझ्या अंगठ्यावर तुमचा अंगठा ठेवलात आणि एवढंच म्हणालात, "बाय, छिन्नी ढकलू नकोस. उभी धर. हातोडीचं काम हातोडीला करू दे." तास गेला असेल. ठोकळ्यावर केसाएवढी एक रेघ उमटली. तुम्ही ती नखाने चाचपलीत आणि हसलात. आयुष्यात पहिल्यांदा मी न बोलता काहीतरी बरोबर केलं होतं.

ते माझ्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही, तुम्हीसुद्धा नाही. म्हणून ते इथे लिहून टाकलं. आता पुढचं.

तुम्ही नखाने चाचपलंत, कारण तुम्हाला दिसत नव्हतं.

हे मला पहिल्या महिन्यातच कळलं. तुम्ही भिंग डोळ्याला लावायचात, मान हलवायचात, आणि मग रेघ बोटाने शोधायचात. डॉक्टरकडे जायला तयार नव्हतात. डहाणूला नुसतं तपासायला गेलात तरी चिंचणीत संध्याकाळपर्यंत बातमी पोचेल आणि उद्या मुंबईत, अशी तुम्हाला धास्ती होती. डोळे गेलेल्या कारागिराला कोण काम देणार? म्हणून सहा महिन्यांतच, शिकाऊ असतानाच, मी तुमची कामं कोरायला लागले. मुंबईहून जयंतीशेठ आले की तुम्ही खिडकीत भिंग लावून बसायचात आणि मी आत भांड्यांचा आवाज करायचे. ते गेले की आपण जागा बदलायचो. त्या नाटकाची मला गंमत वाटायची. आपल्या दोघांचं गुपित, असं वाटायचं. माझ्या वयाच्या मुलींची अशी गुपितं दुसऱ्या कुणाबरोबर असतात.

पगाराचा विषय तुम्ही पहिल्या दिवशीच मिटवला होता. शिकाऊ माणसाने तीन वर्षं फुकट काम करायचं, हा तुमच्या ओटीचा नियम. "माझ्या उस्तादांनी माझ्याकडून सात वर्षं फुकट करून घेतलं. मी तीनच सांगतो. तुम्ही पोरं नशीबवान." हे तुम्ही प्रत्येक नव्या माणसाला सांगायचात, आणि समोरचा खरंच मान डोलवायचा. मीही डोलवली होती.

रेखाने डोलवली नाही.

तुम्हाला रेखा आठवत असेल असं मी समजत नाही, म्हणून सांगते. कैनाडच्या पाड्यावरची. माझ्यानंतर वर्षाने आली. दोन वाहनं बदलून यायची आणि तरी माझ्याआधी ओटी झाडून बसलेली असायची. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. मी रेघ मारायच्या आधी तीनदा विचार करायचे, ती एकदाच करायची. चार महिने झाल्यावर एका दुपारी तिने तुम्हाला विचारलं, "भाई, पगार नको. गाडीभाडं तरी द्या."

तुम्ही छिन्नी खाली ठेवलीत. "मला सात वर्षांत कुणी गाडीभाडं दिलं?"

"तुम्ही कुठून यायचात?"

"यायचो कुठून? उस्तादांकडेच राहायचो."

"म्हणजे जेवणही तिथेच?"

"मग? दोन वेळचं. उस्तादांच्या ताटाला ताट लावून."

रेखाने हातातली छिन्नी चटईवर ठेवली. मग म्हणाली, "मग तुम्हाला पगार होता, भाई. मला तेवढाही नाही."

तुम्ही तिला उद्धट म्हणालात. आजकालची पोरं, जिभेला हाड नाही, सोसायची तयारी नाही. ती तुमच्या पाया पडली, डबा उचलला आणि गेली. मी शेजारच्या ओंडक्याशी बसून छिन्नीला धार लावत होते. धार कधीच लागली होती. मी घासतच राहिले. तिने जाताना माझ्याकडे बघितलं का, मला माहीत नाही. मी वर बघितलंच नाही.

भाई, तुमचा नियम सगळ्यांसाठी नव्हता. ज्याच्या घरी आधीच भात शिजतो त्याच्यासाठी होता. मी तीन वर्षं फुकट बसू शकले, कारण बाबांना तारापूरच्या कंपनीतून पगार येत होता. रेखाच्या घरी ती बसली की तिचं जेवण थांबत होतं. हे मला तेव्हाच कळलं होतं. बोलायचं धैर्य नव्हतं एवढंच.

त्याच वर्षीच्या दिवाळीत तुम्ही मला पाकीट दिलंत. एकशे एक रुपये, शकुनाचे. मी पाकीट घेऊन आत गेले, परत आले आणि तुमच्या नावाचं एक फूल कोरायला बसले. आठ पाकळ्यांचं. तुमच्या फुलाच्या प्रत्येक पाकळीला पाच शिरा असतात, हे सगळ्या व्यापाऱ्यांना ठाऊक. सात पाकळ्या मी नीट कोरल्या. आठव्या पाकळीत चौथी शीर झाली आणि माझ्या लक्षात आलं की मी चुकीचं अंतर घेतलं आहे, पाचवीला जागाच उरलेली नाही. ठोकळा वाया गेला होता. तुम्हाला सांगायचं म्हणून तोंड उघडलं आणि मिटलं. तुम्ही ठोकळा हातात घेतलात, नख फिरवलंत, म्हणालात, "झकास." ठसा काढून घेतला, ठोकळा गेला, पैसे आले. कुणाला कळलं नाही.

पहिल्यांदा चूक होती. त्यानंतर चूक नव्हती.

त्यानंतर मी कोरलेल्या प्रत्येक फुलात एका पाकळीची पाचवी शीर नाही. तुम्ही मला जे देत नव्हतात, त्यातलं एवढंच मी तुम्हाला देत नव्हते. इतका छोटा सूड, की तो घ्यायला भिंग लागायचं. पण रोज कामाला बसताना मला त्याचा आधार होता. बाहेर बसून तुम्ही शेठला सांगायचात, "ह्या वेळी डोळे फोडून केलंय." मी आत भांडी वाजवायचे आणि मनात म्हणायचे, चार.

तीन वर्षं झाली, चौथं संपलं, पाचवं लागलं. मी एकदाच बोलले. तुम्ही जेवून हात पुसत होतात.

"भाई, माझं आता काय?"

"कसलं काय?"

"पगाराचं. तीन कधीच झाली."

तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जणू ओंडक्याने तोंड उघडलं. "घरच्या पोरीला कसला पगार? जेवतेस कुठे? झोपतेस कुठे?"

"रेखाला तर जेवण..."

"हे सगळं तुझंच आहे, बाय. ही ओटी, ही हत्यारं, ती ठशांची पेटी. मी काय वर घेऊन जाणार? आम्ही सोसलं म्हणून तुम्हाला आयतं मिळतंय. जरा धीर धर."

आजी भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पगाराची रांग लागली असेल तर मी पुढे आहे. चाळीस वर्षं ठोकळे घासून दिले मी ह्यांचे."

तुम्ही हसलात. मीही हसले. आजी हसली नाही, हे मी नंतर कितीतरी वेळा आठवलं.

माझं अर्धं राहिलेलं वाक्य आज पूर्ण करते. तुम्ही सात वर्षं सोसलं, ते वाईट होतं म्हणून सांगत होतात की चांगलं होतं म्हणून? चांगलं असेल तर तक्रार का? आणि वाईट असेल तर ते आमच्याकडून का करून घेतलं? मला वाटतं, तुम्हाला तुमच्या उस्तादांचा सूड घ्यायचा होता. पण ते वारले होते. मी घरात होते.

मग डोळ्याचं ऑपरेशन झालं. एक डोळा इतका गेला होता की तुम्ही ताटातली मिरची भेंडी समजून खाल्लीत. तेव्हा कुठे तुम्ही कबूल झालात. डहाणूला नेताना रिक्षात तुम्ही माझा हात धरला होता. "लोकांना पाय दुखतो म्हणून सांग," असं दोनदा बजावलंत. मी तसंच सांगितलं.

पट्टी निघाल्यावर पंधरा दिवसांनी तुम्ही ठशांची पेटी काढून खिडकीत बसलात. प्रत्येक डायचा शिशाचा एक ठसा आपण ठेवतो आणि त्याच्या पाठीवर छिन्नीने वर्ष खरवडतो. तुमच्या तरुणपणापासूनचे सगळे ठसे त्या पेटीत होते. तुम्ही एकेक काढून भिंगाखाली धरत होतात. मी माझ्या जागेवर काम करत होते. दुपारभर तुम्ही बघत होतात. पुढची मागची सगळी फुलं. मला माहीत होतं तुम्ही काय मोजताय. मला वाटलं, आता ओरडणार. माझी तयारी होती. खरं तर मी वाटच बघत होते. तुम्ही ओरडला असतात तर आपलं खरं बोलणं सुरू झालं असतं.

तुम्ही पेटी बंद केलीत. म्हणालात, "काम बरं चाललंय, बाय."

महिन्याभरात तुम्ही ती पेटी शेठला विकलीत. मला आजीकडून कळलं. ज्या पेटीचं नाव घेऊन तुम्ही मला थोपवून धरलंत ती पेटी. आणि त्या पैशांतून चिंचणीच्या किनाऱ्यावर, सुरूच्या झाडांखाली, ज्येष्ठ नागरिकांसाठी सिमेंटचे चार बाक बसले. प्रत्येकावर संगमरवरी पाटी, तुमचं नाव, आणि खाली 'सप्रेम भेट'. नारळ फोडायला मला नेलं होतंत. तुमच्या वयाचे सगळे होते. कुणीतरी म्हणालं, आपल्या पिढीसाठी कुणी काही करत नाही, भाईंनी केलं. टाळ्या वाजल्या. नारळ फोडायला हातोडी मी आणली होती.

मी घरी येऊन काम केलं. जेवले. तुमच्या औषधांच्या वेळा पाळल्या. पुढच्या पावसाळ्यात तुम्ही आजारी पडलात, तेव्हाही. ते मी कर्तव्य म्हणून केलं असं लिहिलं तर खोटं होईल. तुमच्या पायाला तेल लावताना मला तुमची दया यायची आणि तुमचा रागही यायचा, दोन्ही एकाच हाताने. तुम्ही एकदा झोपेत माझा अंगठा धरलात. छिन्नी धरतात तसा. मी काढून घेतला नाही.

मला वाटलं होतं, तुम्ही गेलात की राग निवेल. तो निवतही होता. बाराव्या दिवसापर्यंत.

बाराव्या दिवशी जयंतीशेठ मुंबईहून भेटायला आले. आजीपुढे हात जोडले, तुमच्या फोटोला नमस्कार केला, चहा घेतला. मग गाडीतून ठशांची पेटी मागवली. सीझन जवळ आला होता, त्यांना जुन्या दहा डिझाइनचे नवे डाय हवे होते.

"दीकरी, तू थोडं थोडं शिकली आहेस ना भाईंकडे?"

"हो."

"मग तू कर. पण भाव अर्धा हां. भाई नाही आता. वाईट वाटून घेऊ नको, धंदा आहे." आणि एक ठसा काढून माझ्यासमोर धरला. "एक मात्र सांभाळ. हे बघ, ह्या पाकळीला चारच शिरा. ही भाईंची निशाणी. शेवटची चार-पाच वर्षं ठेवलेली. गिऱ्हाईक ओळखतं आता. ही ठेवलीस तर माल भाईंच्या नावाने जाईल."

मी विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"भाईंनीच तर! पेटी देताना. म्हणाले, शेठ, हे म्हातारपणी सुचलं, कुणी नक्कल करू नये म्हणून. त्यासाठी मी पेटीला जास्त दिले ना."

कप उचलून मी आत गेले. मोरीत बराच वेळ नळ सोडून उभी राहिले. भाई, पगार ठेवून घेतलात, ते मी समजू शकत होते. तुम्ही त्या रीतीतच वाढलात. पेटी विकलीत, तुमची होती. पण ती न कोरलेली शीर? तुमच्यावरचा माझा राग होता तो. माझ्याकडे स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं, आणि तुम्ही त्याचीही किंमत करून घेतलीत. तुम्हाला दिसलं, कळलं, आणि माझ्याशी एक शब्द न बोलता तुम्ही ते विकलंत. त्याच्यावर आता तुमचे मित्र बसतात.

आजी मागे येऊन उभी राहिली. नळ बंद केला. "पाणी वाया घालवू नको," म्हणाली. मग पदराखालून तुमचं भिंग काढून माझ्या हातात दिलं. "जा. आज भांडी मी वाजवते."

मी बाहेर आले. जयंतीशेठ निघायच्या तयारीत होते. मी म्हटलं, "शेठ, बसा." माझा आवाज मला अनोळखी वाटला. पेटीतली आठ पाकळ्यांची सगळी फुलं मी काढली आणि चटईवर एका ओळीत लावली, पाठीवरच्या वर्षांप्रमाणे. आत आजी खरंच भांडी वाजवत होती.

"मोजा," मी म्हटलं. "चार शिरा कधीपासून आहेत?"

त्यांनी भिंग लावलं. पुटपुटत मोजत गेले. एका ठशापाशी थांबले, पालथा केला, वर्ष बघितलं.

"त्या वर्षी भाईंना किती दिसत होतं, आठवतं?"

शेठ विचार करत होते. आणि मग त्यांचं पोट हलायला लागलं. "अरे देवा. त्याच वर्षी तर त्यांनी मला ड्रायव्हर समजून सांगितलं, गाडी सावलीत लाव, शेठना चहा देतो." हसता हसता ते थांबले. ठशाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मग हे..."

 मी तुमच्या ओंडक्याशी बसले, एक टाकाऊ ठोकळा घेतला आणि त्यांच्यासमोर एक पाकळी कोरली. छिन्नी उभी, हातोडीचं काम हातोडीला. चार शिरा. शिसं दाबून ठसा काढला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो पेटीतल्या फुलाशेजारी धरला. 

"पूर्ण भाव," मी म्हटलं. "जो भाईंना द्यायचात तो. अर्धा आधी."

"आणि निशाणी? ती तर ठेवशील ना? आता तर तुझीच आहे."

"नाही. पैसे पूर्ण, पाकळी पूर्ण. आता पाचही."

शेठ वाकून तुमच्या फोटोकडे बघत म्हणाले, "भाई, तुम्ही मला फसवलं." मग अर्धा आगाऊ दिला. व्यापारी माणूस, फसवणाऱ्याचा राग त्यांना जास्त वेळ ठेवता येत नाही. मला येतो.

चार शिरांचं फूल आता कुणी कोरणार नाही. तुमची निशाणी तुमच्याबरोबर गेली, भाई. पुढे कुणी ती शोधत आलं, तर त्याला सांगेन की तो कारागीर वारला.

चौदाव्या दिवशी तुमचा फोटो हलवल्यावर मी कैनाडला गेले. रेखा तलासरीजवळच्या एका कंपनीत पॅकिंगला जात होती. रविवार होता, अंगणात कपडे वाळत घालत होती. मी काय बोलायचं ते रस्त्यात पाठ केलं होतं, शाळेत तोंडी परीक्षेला करायचे तसं. समोर गेल्यावर सगळं विसरले. म्हटलं, "मी त्या दिवशी वर बघितलं नाही."

ती म्हणाली, "मला दिसलं. धार लावत होतीस. पातं संपलं असेल."

"भाई गेले."

"कळलं." ओला परकर तिने झटकला. "आता नियम किती वर्षांचा?"

"पहिल्या दिवसापासून पगार. गाडीभाडं वेगळं. शिकताना ठोकळा बिघडला तर तो माझा."

"आणि कंपनीतल्यापेक्षा कमी असेल तर मी येणार नाही."

"तेवढा देईन."

"लिहून दे," ती म्हणाली. मी तिथेच, तिच्या भावाच्या वहीतल्या पानावर लिहून दिलं. तिने घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवलं. आजीलाही मी पगार लावला आहे. ठोकळे घासायचा. पहिला पगार हातात घेऊन ती म्हणाली, "मागची चाळीस वर्षं?" मी म्हटलं, "ती भाईंकडून घे." ती म्हणाली, "घेईन. भेट होईलच."

तर असा सूड आहे माझा. तुमच्या उस्तादांनी तुमच्यावर ठेवलेलं ओझं तुम्ही माझ्या डोक्यावर दिलंत, आणि मी ते रेखाच्या डोक्यावर देईन असं धरून चाललात, कारण जग असंच चालतं. मी ते पुढे देणार नाही. तुमच्याकडे परत पाठवते आहे. खिडकीतल्या तुमच्या जागेवर रेखा बसते. तिला उजेड जास्त लागतो. माझ्यापेक्षा बारीक काम करते ना.

एक राहिलं. काल संध्याकाळी मी किनाऱ्यावर गेले. पर्समध्ये छिन्नी आणि तुमची हातोडी होती. तुमच्या नावाखाली संगमरवरावर काहीतरी कोरायचं ठरवून गेले होते. काय कोरायचं ते ठरत नव्हतं. पहिल्याच बाकावर बसले. ओहोटी होती, दूरवर होड्या आडव्या पडल्या होत्या, वाळत घातलेल्या बोंबलांचा वास येत होता. तुमचे मित्र बंडूकाका काठी टेकत आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. तरुण माणसाने उठायचं असतं. त्यांना ते बोलावंही लागत नाही.

मी बसून राहिले.

त्यांनी खाकरून बघितलं. पाटीकडे बोट केलं. "हे ज्येष्ठांचे आहेत, बाय. तुझ्याच आजोबांनी दिलेले. फार मोठं मन."

 वाक्य तयार होतं, नारळ फुटला त्या दिवसापासून. "काका, हे बाक माझ्या पगाराचे आहेत. बसा ना."

आणि मी कडेला सरकले. बरोबर अर्धा बाक मोकळा झाला. बंडूकाका थोडा वेळ तसेच उभे राहिले, काठी वाळूत रुतत होती. मग माझ्याशेजारी, काठावर, अंग चोरून बसले. आम्ही दोघांनी अंधार पडेपर्यंत समुद्र बघितला. छिन्नी पर्समध्येच राहिली.

मी उठले नाही, भाई.